वीज गेली, पुढे काय?

एका रात्री जगभरातली वीज जाते आणि परत येतच नाही. दिवे, मोटारी, खिशातले फोन सगळे एकदम बंद पडतात, विमाने आकाशातून कोसळतात. कथा सुरू होते ती त्यानंतर 15 वर्षांनी. एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सप्टेंबर 2012मध्ये आलेल्या 'रेव्होल्यूशन' मालिकेची ही कल्पना ऐकली की कोणीही टीव्हीसमोर बैठक मारेल. कर्ता एरिक क्रिपकी, पाठीशी जे. जे. अब्राम्स, पहिल्या भागाचा दिग्दर्शक जॉन फॅवरो. तरीही दोन हंगाम आणि 42 भागांनंतर, मे 2014मध्ये, मालिकेने गाशा गुंडाळला.

तिच्यातले विज्ञान उसवणे सोपे आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. हँडल मारून सुरू होणारे जुने किर्लोस्कर इंजिन ज्याने विहिरीवर पाहिले आहे, तो पहिल्याच भागात विचारणार की ही इंजिने कुठे गेली? वाफेला तर विजेची गरजच नव्हती. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा घरोघरी कुठे दिवे होते? मालिकेला वाफेचे इंजिन आठवते ते पाचव्या भागात. आणि माणसाच्या मज्जातंतूंमधली वीज मात्र शाबूत!

पण माझी तक्रार ही नाही. विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट मान्य करून घ्यावी आणि बाकीचे सारे ओळखीचे, माणसांच्या जगातले ठेवावे, असे एच. जी. वेल्सने 1934मध्ये आपल्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावनेत सांगितले होते. एक थाप वाचक आनंदाने पचवतो, मात्र तिचे परिणाम त्याला चोख हवे असतात. 'रेव्होल्यूशन'ने थाप जोरदार मारली आणि परिणामांकडे पाठ फिरवली.

भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे 'लाइट गेली' म्हणजे फक्त दिवा गेला असे नव्हते. पाण्याची मोटार बंद, पिठाची गिरणी बंद, दवाखान्यातला फ्रिज बंद. मग वीज 15 वर्षे नसेल तर? इन्शुलिनवर जगणाऱ्यांचे काय झाले? पाणी वर न चढणाऱ्या उंच इमारती कोणी, किती दिवसांत सोडल्या? अणुभट्ट्या थंड ठेवायच्या कशा? शेती कोणाला येत होती, आणि ज्यांना येत होती त्यांचा समाजातला मान वाढला का? मालिका यांतले काही ओझरते दाखवते आणि लगेच तलवारबाजी, अपहरण आणि पाठलागाकडे वळते. तेवढ्यासाठी वीज घालवायची गरज नव्हती. घोडे आणि किल्ले असलेले कोणतेही शतक चालले असते.

तिला रस आहे तो वीज का गेली या रहस्यात. 12 लॉकेटे, ती जवळ असली की क्षणभर उजळणारे दिवे, कोलोरॅडोतला गूढ मनोरा. अब्राम्स यांनी 2007च्या आपल्या 'टेड' व्याख्यानात न उघडलेल्या गूढ पेटीचे गुण गायिले होते. पण पेटी कधीतरी उघडावी लागते. इथे उघडल्यावर निघाले काय, तर हवेत पसरलेले, वीज शोषणारे सूक्ष्म यंत्रकण. एवढी ऊर्जा शोषून ते तिचे करतात काय, याचे समाधानकारक उत्तर नाहीच. दुसऱ्या हंगामात त्या कणांनाच जाणीव फुटते. एक कोडे फिके पडले की त्यावर मोठे कोडे, असा हा मामला.

पात्रांचेही तेच. नायिका चार्ली वीज गेली तेव्हा लहान मूल होती. जुने जग तिला दंतकथेसारखे वाटायला हवे; पण ती बोलते, रुसते, हट्ट करते आजच्या कॉलेजकन्येसारखी. तिचा काका माइल्स म्हणजे भूतकाळाचे ओझे वाहणारा, कमी बोलणारा तलवारबहाद्दर, शंभरदा पाहिलेला. त्यातल्या त्यात टॉम नेव्हिल लक्षात राहतो. आधीच्या जगात तो विमा कंपनीतला दबलेला नोकरदार होता. अंधाराने त्याला क्रूर अधिकारी केले. जियानकार्लो एस्पोसिटोने हे काम झोकात केले आहे. गूगलमधला कोट्यधीश ॲरन आता कोणाच्याच कामाचा नाही. हा खरा विषय होता, पण बराच काळ तो विनोदापुरता वापरला जातो.

आणि मॅगी. ही इंग्लंडची डॉक्टर अंधार पडला त्या दिवशी अमेरिकेत होती, तिची मुले समुद्रापलीकडे. ती एक बंद आयफोन जपून ठेवते, कारण मुलांचे फोटो त्यात आहेत. फोटो हातात आहेत, पण बघता येत नाहीत. वीज जाणे म्हणजे काय हे मालिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही प्रसंगाने इतके नेमके सांगितलेले नाही. लेखकांनी तिला चौथ्या भागात मारून टाकले!

थाप मारून परिणामांकडे नीट पाहणारी मालिका हवी असेल, तर बीबीसीची 'सर्व्हायव्हर्स' 1975मध्येच आली होती. टेरी नेशनची कल्पना: साथीने जवळजवळ सारी माणसे मेली. साथ का आली याचा कोणी फारसा पाठपुरावा करत नाही. ॲबी ग्रँट मुलाला शोधत फिरते आणि उरलेल्या माणसांना कळते की साधीसुधी वस्तू बनवण्याचे ज्ञानही आपल्यापाशी नाही. पैसा बेताचा, चित्रीकरण साधे, पण प्रश्न अस्सल. वाचकहो, 'रेव्होल्यूशन' पाहायचीच असेल तर मॅगी आहे तोवर पाहा, आणि उरलेला वेळ 'सर्व्हायव्हर्स'च्या पहिल्या हंगामाला द्या.