ऐकू न येणाऱ्या फरकाची किंमत

घरच्या स्पीकरांना साजेसा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर शोधायला बसलं की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. दोन स्पीकरांमधला फरक कुणालाही ऐकू येतो. दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक मात्र पुष्कळदा किंमत कळल्यावरच ऐकू येतो.

आधी हिशोब उरकू. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल असेल, तर एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो, आणि बेडरूममध्ये तो पुरून उरतो. १०० वॉटऐवजी २०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. तेवढेच ३ डेसिबल ९०चा स्पीकर घेऊनही मिळतात. मात्र कागदावर ८ ओहमचा असलेला स्पीकर काही फ्रिक्वेन्सींना ३ ओहमपर्यंत उतरत असेल, तर त्याला करंट पुरवणारा दणकट अ‍ॅम्प्लिफायर हवाच. तिथे जास्त पैसे मोजणं ही चैन नाही.

आता १९८५ सालची गोष्ट. बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा कुठलाही महागडा अ‍ॅम्प्लिफायर द्या, माझ्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधून तोच आवाज काढून दाखवतो. त्यांनी एक उंची व्हॅक्यूम ट्यूबवाला निवडला. कार्व्हरने दोघांना एकच सिग्नल दिला, दोघांच्या आउटपुटमधला फरक मोजला आणि तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत आपल्या सर्किटमध्ये बदल केले. शेवटी संपादकांना दोन्ही ओळखता येईनात.

ही गोष्ट सांगून ‘सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच’ असं म्हणणारे भेटतात. ते चूक आहे. फरक होता, म्हणून तर बदल करावे लागले. पण त्या फरकाला कारण होतं, ते मोजता येत होतं, आणि ते कारण म्हणजे किंमत नव्हे.

मग समजा, एखाद्याने पाच लाख मोजले आणि तो रोज संध्याकाळी डोळे मिटून खूश होतो. त्याचं सुख खोटं आहे का? प्लेटोच्या ‘फिलीबस’मध्ये हाच वाद आहे. प्रोटार्कसचं म्हणणं, समजूत खोटी असेल, सुख कसं खोटं असेल? सॉक्रेटिसला ते पटत नाही. सुख समजुतीवर उभं असेल, तर समजुतीचा खोटेपणा सुखातही उतरतो, असं त्याचं मत.

मला प्रोटार्कस जवळचा वाटतो, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. जाड अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल, अंधारात लालसर दिसणारे ट्यूब, वीस वर्षांनीही दुरुस्त होईल अशी बांधणी, यांसाठी पैसे मोजणाऱ्याचं कुणी काही फसवलेलं नाही. आपण पैठणी काय फक्त अंग झाकायला घेतो? पण ‘मला वस्तू आवडली’ हे माझ्याबद्दलचं विधान आहे, आणि ‘यात तानपुरा जास्त खुलतो’ हे अ‍ॅम्प्लिफायरबद्दलचं. दुसरं तपासता येतं, म्हणून ते चुकूही शकतं.

अडचण दुसऱ्या माणसापाशी सुरू होते. घेऊन झालेल्याला आपणहून जाऊन ‘फरक नाही रे’ सांगण्यात मला सत्यनिष्ठा दिसत नाही, थोडी खोडीच दिसते. पण तोच माणूस पहिल्या नोकरीतल्या पोराला ‘हप्त्यावर घे, कान उघडतील’ म्हणत असेल, तर तिथे गप्प बसणं म्हणजे मैत्री जपणं नव्हे. त्या गप्प बसण्याचे हप्ते दोन वर्षं दुसराच कुणीतरी भरतो.

भांडायचीही गरज नाही. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच स्पीकरला आळीपाळीने जोडा, व्होल्टमीटरने पातळी काटेकोर सारखी करा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो. कुठला चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका. पोराला सोफ्यावर बसवा, वही द्या आणि वीस वेळा विचारा.