न गळणारं तेल

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारबद्दल एक विनोद सांगतात: गाडीखाली तेल सांडलेलं दिसलं तर घाबरू नये, दिसलं नाही तर घाबरावं, कारण मग तेल संपलेलं असणार. या विनोदात तक्रार कमी आणि लाड जास्त. मला गाड्यांचं वेड आहे आणि पोट अनुवादावर चालतं, म्हणून हा लाड मी जरा संशयानेच ऐकत आले.

१९६२ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ‘एलान’ काढली. पोलादी कण्यावर फायबरग्लासची बॉडी, वजन सातशे किलोच्या आसपास, जागा दोघांपुरती. ती चालवण्यातलं सुख ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांनीच तिच्या बिघाडांचीही यादी केली. सुरुवातीच्या गाड्यांचे उघडणारे हेडलाइट व्हॅक्यूमवर चालत. कुठे नळी झिरपली की ते पेंगुळल्या डोळ्यांसारखे खाली येत.

फेब्रुवारी १९८९मध्ये माझदाने शिकागोच्या प्रदर्शनात ‘मियाटा’ मांडली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, उघडं छत, उघडझाप करणारे दिवे. एलान पाहिलेल्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. तोशिहिको हिराई यांच्या चमूने एक्झॉस्टचा आवाजसुद्धा घोटून घेतला होता. फरक एवढाच, की ही गाडी रोज सकाळी सुरू व्हायची. नक्कल, असं काहीजण म्हणाले. ती दहा लाखांवर खपली.

मौज पुढेच आहे. त्याच वर्षी लोटसने नवी एलान आणली: पुढची चाकं ओढणारी, आणि आत इंजिन जपानी इसुझूचं. म्हणजे नाव, कारखाना, वारसाहक्क इंग्लंडमध्ये. आणि जुन्या एलानचा स्वभाव मात्र हिरोशिमात. मग खरी एलान कोणती? मूळ पुस्तकाच्या लेखकानेच दुसरी आवृत्ती बिघडवावी आणि अनुवादकाने पहिली जपावी, असा हा प्रकार.

माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं: मियाटा. दोष काढणं ही बेइमानी कशी? तेल गळणं हा काही एलानचा आशय नव्हता.

आता तितकी खात्री नाही. पहिली मियाटा साडेनऊशे किलोंच्या आसपास भरते. त्यातलं काही वजन बदललेल्या सुरक्षा-नियमांचं, पण काही निश्चितच भरवशाचं आहे. चॅपमनने जिथे जिथे धातू वाचवला, तिथे हलकेपणा आला आणि तिथेच ठिसूळपणाही. दोन्ही एकाच हट्टातून आलेले. एक काढून दुसरं तसंच ठेवता येत नाही. माझदाचे लोक ‘जिन्बा इत्ताई’ म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. मराठीत आपल्याकडे ‘मांड’ आहे, पण मांड स्वाराची असते. घोड्याला त्यात काही म्हणणं नसतं. मला वाटतं, एलानला म्हणणं होतं.

हे सुचलं ते गाडीमुळे नाही. काही वर्षांपूर्वी मी एका हिंदी कादंबरीचा अनुवाद केला. तिची निवेदिका वडिलांविषयी बोलताना वाक्य अर्ध्यात सोडते, क्रियापद गिळते. मला तो संपादनातला ढिसाळपणा वाटला आणि मी वाक्यं पुरी केली. परीक्षणांत ‘ओघवता’ हा शब्द आला, मी खूश. नंतर लेखिका भेटल्या. मराठी त्यांना वाचता येतं. पुस्तक छान झालंय, म्हणाल्या, आणि मग सहज विचारलं, “हिला वडिलांची भीती वाटत नाही का हो?”

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांचं म्हणणं, लोकांना आवडलंय ते कशाला मोडता? लोकांना आवडलं ते सकाळी सुरू होतं म्हणूनच, हे मलाही कळतं. पहिल्या प्रकरणातली अकरा क्रियापदं मी काढली आहेत. वाचून पाहिलं तर वाक्यं अडखळतात, आणि ती तिची अडखळ आहे की माझी, हे मला अजून ऐकू येत नाही. प्रुफं सोमवारी द्यायची आहेत.