पोकळ फरशी

ताबा मिळाला त्या दिवशी नाण्याने फरशी वाजवत घरभर फिरलो. हॉलमध्ये अकरा फरश्या पोकळ वाजल्या. खाली माल सगळीकडे न पसरता नुसते गोळे टाकून फरशी दाबली, की मध्ये हवा राहते. वर जड कपाट आलं की ती तडकू शकते. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो.

अडलो ते सुपरवायझरच्या बोलण्यावर. "मेल टाका साहेब, मिस्त्रीच्या बिलातून कापून घेतो."

मिस्त्रीला पैसे चौरस फुटावर. नीट, सावकाश काम केलं तर नुकसान त्याचंच. मीही रिलीजच्या आदल्या रात्री माहीत असलेले बग पुढे ढकललेत; माझा पगार कधी कापला गेला नाही. मग गप्प बसायचं? त्यात फायदा बिल्डरचाच. शिवाय गोळे टाकताना मिस्त्रीला कळत होतंच. त्याला नुसता बिचारा ठरवणं मला त्याच्या कसबाचा अपमान वाटतो.

शेवटी मेल केला. खाली एक ओळ घातली: याची वसुली मजुरीतून करू नये. ती पाळायला रेरा बिल्डरला बांधत नाही, हे मला ठाऊक आहे. उत्तर आलेलं नाही. कपाट अजून बेडरूममध्येच आहे.