निर्धास्तपणाचा अधिकार

'आजवर कोणाला काही झाले नाही' या वाक्याइतके दिलासा देणारे वाक्य गृहस्थाश्रमात दुसरे क्वचितच ऐकू येत असेल. या वाक्याची किंमत किती, हा प्रश्न तर्कशास्त्राचा आहे असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. तो नीतिशास्त्राचाही आहे, हे गेल्या ऑगस्टात अमेरिकेतील ओहायो राज्यात, आमच्या कन्येच्या स्वयंपाकघरात, टोमॅटोच्या राशीसमोर आमच्या ध्यानी आले.

त्या सुमारास तिकडे परसातील टोमॅटो एकदमच पिकतात. आठ दिवसांत खावे तरी किती, आणि टाकवते तरी कसे? म्हणून टोमॅटो, मिरच्या, कांदा व लसूण चिरून, शिजवून त्यांचा 'साल्सा' करितात आणि काचेच्या बरण्यांत भरून, त्या उकळत्या पाण्यात ठेवून, हिवाळ्यासाठी हवाबंद करितात. पदार्थ मूळचा मेक्सिकोचा. (मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही त्याच खंडाची देणगी. पोर्तुगीजांनी मिरची इकडे आणिली नसती तर आमच्या ठेच्याचे काय झाले असते, हा विचार न केलेलाच बरा.)

कन्या छापील कृती समोर ठेवून बाटलीतला लिंबाचा रस चमच्याने मोजून घाली. घरात ताजी लिंबे असता बाटलीतला रस! चाळीस वर्षे अंदाजाने लोणची घालणाऱ्या आमच्या कुटुंबास हे पाहवेना. एके दुपारी कन्या बाहेर गेली असता त्यांनी मिरची व लसूण दुप्पट आणि रस निम्मा घालून सात बरण्या भरल्या. पैकी दोन शेजारी द्यावयाच्या होत्या. सायंकाळी कन्येने चव पाहिली, प्रमाण विचारले, आणि एकही बरणी घराबाहेर जाणार नाही असे सांगितले. "आईच्या हातावर तुझा विश्वास नाही काय?" हा प्रश्न आम्हीच केला, आणि आमच्या मते तो बिनतोड होता.

कन्येचे उत्तर रसायनशास्त्राचे होते. टोमॅटोची आम्लता जेमतेम सीमेवरची. कांदा, लसूण व ओली मिरची यांत तर ती त्याहून पुष्कळच कमी. मिश्रणाचा आम्लांक ४.६ च्या वर गेला, तर बोटुलिझम या विषबाधेचे जंतू बंद बरणीत, हवेच्या अभावी, सुखाने वाढतात. त्यांची बीजे १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना दाबाखालील १२१ अंशांची उष्णता लागते. तेव्हा येथे आंबटपणा हाच काय तो पहारेकरी. लिंबागणिक आंबटपणा बदलतो, म्हणून रस बाटलीतला. त्यांचे विष उकळल्याने नाहीसे होते हे खरे. पण साल्सा बरणीतून काढून तसाच खावयाचा असतो, आणि विषाला रंग, वास वा चव असेलच असे नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही अडखळलो. आमच्या लोणच्याला मीठ कमी पडले तर बुरशी धरते. बरणी स्वतःच चुगली करिते आणि गृहिणी पुढच्या वर्षी शहाणी होते. तेथे अनुभव गुरू होऊ शकतो, कारण चूक दिसते. जेथे चूक शंभर वेळा काहीच न बोलता निघून जाते आणि एकदाच बोलते, तेथे शंभर वेळांचा अनुभव आपणास काय शिकवितो? केवळ निर्धास्त होण्यास.

क्लिफर्डने १८७७ साली मांडलेला जहाजमालक आम्ही कैक वर्गांना शिकविला आहे. जहाज जुने, मालकाच्या मनात शंका येते, पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, असे म्हणून तो ती दाबून टाकितो आणि निश्चिंत मनाने उतारूंना निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, ते तरले असते तरीही मालक तितकाच दोषी. प्रत्येक विश्वासाला असा पुरावा मागणे आम्हांस अतिरेकाचे वाटते. जेम्सने १८९६ साली त्याला दिलेले उत्तर आम्हांस अधिक मानवी वाटते. पण पुरावा निर्णय देऊ शकत नाही अशा प्रसंगांपुरतेच ते उत्तर आहे. येथे निर्णय एका चमच्यावर होता.

मग जहाजमालक कोण? आमचे कुटुंब नव्हे. त्यांना शंकाच आली नव्हती, आणि ती यावी असे त्यांना कोणी काही सांगितलेही नव्हते. शंका आम्हांस आली होती. छापील कृतीत 'प्रमाण बदलू नये' हे शब्द आम्ही सकाळीच वाचले होते, आणि दुपारी लसूण सोलावयास आम्हीच बसलो होतो. वाद नको, म्हणून गप्प राहिलो. त्या मौनाला आम्ही पत्नीवरील विश्वास असे नाव दिले होते. शेजारच्या घरात दोन लहान मुले होती.

बरण्या त्याच दिवशीच्या होत्या म्हणून त्या शीतकपाटात गेल्या, आणि आठवडाभर दोन्ही वेळच्या जेवणात आम्ही तो साल्सा डोळ्यांतून पाणी काढीत संपविला. पुढील रविवारी पुन्हा टोमॅटो चिरले. सुक्या मसाल्याचे प्रमाण बदलण्यास हरकत नाही असे कन्येने सांगताच कुटुंबाने गावाकडून आणलेली मिरचीची पूड बाहेर काढिली. रस मात्र त्यांनी स्वतः मोजला, आणि चमच्याच्या काठावरून सुरी फिरविताना आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.