तो भाग आमच्याकडे येत नाही

महामार्गाची पाहणी झाली, म्हणजे गणपती जवळ आले. कोकणातल्या माणसाला त्यासाठी कालनिर्णय उघडावं लागत नाही. पांढरी हेल्मेटं घातलेली माणसं खडीवर उभी, मधला एक जण हात लांब करून काहीतरी दाखवतोय आणि बाकीचे त्या बोटाच्या दिशेने गंभीर चेहरा करून बघताहेत, असं दृश्य टीव्हीवर दिसलं की समजायचं. बोटाच्या टोकाशी काय आहे, ते कॅमेरा कधीच दाखवत नाही. हेल्मेटांना मी पूर्वी हसायचो. पण चिपळुणात 2023 साली बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, तेव्हापासून ती खबरदारी रास्तच म्हणायची.

माझं डोकं फिरलं ते पाहणीने नव्हे. पाहणी संपल्यावर कुणीतरी माइक पुढे केला आणि माणगावच्या कोंडीबद्दल विचारलं. उत्तर आलं, ‘तो भाग आमच्याकडे येत नाही.’ सांगताना आवाजात खंत नाही, संकोच नाही. उलट एक प्रकारची सुटका. आणि मागे दिमाखात फडकत होता तो फ्लेक्स, महामार्गाचं काम ‘मार्गी लावल्याबद्दल’ हार्दिक अभिनंदन करणारा. फ्लेक्सवर बारा चेहरे होते. रस्ता कुणाकडेच येत नसेल, तर अभिनंदन बारा जणांचं कसं होतं?

बाकीच्या सबबी मला चालतात. पाऊस जास्त झाला, भूसंपादन अडलं, ठेकेदार पळाला, गाड्या फार वाढल्या. यातलं प्रत्येक कारण थोडंफार खरं असतं, आणि थोडंफार खरं असणाऱ्या गोष्टीवर फार चिडता येत नाही. पण ‘आमच्याकडे येत नाही’ हे शंभर टक्के खरं असतं, आणि तरीही ती शुद्ध लबाडी असते.

मुंबई-गोवा महामार्गच घ्या. चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं आता मतदार आहेत. पळस्पे ते इंदापूर (रायगडातलं, उसाचं नव्हे) हे 84 किलोमीटर केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूरपासून खाली थेट झारापपर्यंतचा रस्ता राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. त्यात पुन्हा टप्पे, टप्प्यांचे वेगवेगळे ठेकेदार, बदललेले ठेकेदार, बदललेल्यांचे पोटठेकेदार. एसटीत बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. मी अजूनही कोकणात एसटीनेच जातो, लोकांनी हसावं तर हसावं. खिडकीतून मला एकच रस्ता दिसतो. पलीकडच्या सीटवरच्या आजींनाही एकच दिसतो. त्यांच्या मांडीवरचं फणसाचं पोतं उडतं, तेव्हा ते प्राधिकरणाच्या हद्दीत उडालं की विभागाच्या, हे त्या विचारत नाहीत.

आता समजा, नेमका हद्दीवरच खड्डा पडला. खड्डा अडाणी, त्याला अधिसूचना वाचता येत नाही. पावसात तो वाढतो, उत्तरेकडे हातभर आणि दक्षिणेकडे वीतभर. उत्तरेकडची निविदा वेगळी, दक्षिणेकडची वेगळी, दोन्हीकडचे डांबराचे दर वेगळे. मग बुजवायचा कुणी? त्यासाठी संयुक्त पाहणी हवी. पाहणीसाठी बैठक हवी. बैठकीला दोन्हीकडचे अधिकारी हवेत, त्यातले एक रजेवर आणि दुसऱ्यांची बदली झालेली. नवे साहेब रुजू होऊन ‘विषय समजून घेतात’. तोवर मागून आलेला टेम्पो त्या खड्ड्याचा दोन्ही हद्दींतून सखोल अभ्यास करून गेलेला असतो. अखेर उत्तरेकडचे लोक आपली हातभर बाजू बुजवतात आणि दक्षिणेची वीतभर तशीच ठेवतात. कागदोपत्री काम पूर्ण. छायाचित्र जोडलेलं. शक्य असतं तर तेवढ्या तुकड्यालाही फ्लेक्स लागला असता.

ही अतिशयोक्ती वाटली, तर माझ्याकडचं पत्र दाखवतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राज्यमार्ग लागतो, तिथे पावसाळ्यात तळं होतं. मी अर्ज दिला. उत्तर आलं: ‘सदर लांबी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे.’ काही दिवसांनी संबंधित कार्यालयाचंही पत्र आलं. तेच वाक्य, तेवढीच नम्रता, आणि अर्ज पुन्हा पहिल्या कार्यालयाकडे वर्ग. दोन्हीकडचे शिक्के मात्र ठसठशीत. माझा अर्ज त्या रस्त्यावरून माझ्यापेक्षा जास्त वेळा गेला असेल, आणि त्याला खड्डाही लागला नाही.

लग्नात आहेर स्वीकारायला दोन्ही घरचे हसतमुखाने उभे असतात. पंगतीत जेवण कमी पडलं की मुलाकडचे म्हणतात मुलीकडच्यांना विचारा, आणि मुलीकडचे म्हणतात आचाऱ्याला. आपले रस्ते असेच चालतात. फरक एवढाच की इथे आहेर ऐच्छिक नाही. गाडी घेताना एकरकमी कर, पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठीचा उपकर, वर टोल. पैसे कापताना यंत्रणेचा नेमकेपणा पाहून थक्क व्हायला होतं. फास्टॅग वाजतो, फोनवर संदेश येतो. कुठला नाका, किती वाजून किती मिनिटं, सगळं त्यात. तक्रार करायला फोन लावा, की तीच यंत्रणा विचारते, ‘नेमकं कुठे म्हणालात?’

रस्त्याचं काम जमत नाही म्हणून होत नाही, असंही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, सोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. तोच महामार्ग, तेच सरकारी खातं, तीच निविदांची रीत. पण तेव्हा सगळ्या राज्याचे डोळे एका जागेवर खिळले होते आणि ‘तो पूल आमच्याकडे येत नाही’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. माणसं मेल्यावरच हद्दी पुसल्या जातात, हे मात्र फार महागात पडतं.

केरळातलं प्रकरण आठवत असेल. त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावर टोल चालू होता आणि 65 किलोमीटरच्या त्या रस्त्यावर गाड्या तासन्‌तास अडकून पडत होत्या. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाने वसुलीच थांबवली. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ऐकू आलं ते आपल्याला तोंडपाठ आहे: कोंडी थोड्याच जागी आहे, तिथलं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे, आणि ट्रक उलटला त्याला आम्ही काय करणार. ट्रक आपोआप उलटला नाही, खड्ड्यामुळे उलटला, असं न्यायपीठाने सुनावलं. रस्ता पार करायला बारा तास लागत असतील तर माणसाने दीडशे रुपये कशाचे द्यायचे, हाही प्रश्न विचारला आणि अपील फेटाळलं. त्या न्यायपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई होते. विदर्भातल्या माणसाला रस्त्यांबद्दल काही शिकवावं लागत नाही.

माझं म्हणणं त्या निकालाहून साधं आहे. ज्याने पैसे घेतले, त्याने उत्तर द्यावं. रस्ता गुळगुळीतच असला पाहिजे, असा माझा हट्ट नाही. घाट आहे, दरड आहे, कोकणातला पाऊस आहे. पण नाक्यावर पैसे घेतल्यावर पुढच्या नाक्यापर्यंतचं प्रत्येक ‘का’ त्याच्या गळ्यात पडलं पाहिजे. आतमध्ये किती टप्पे आणि किती पोटठेकेदार, हा त्याच्या घरचा मामला.

घोटाळा असा की पैसा आणि जबाबदारी यांची ताटातूट आपण पद्धतशीरपणे केली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची वसुली 2004 साली 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन 15 वर्षांसाठी ठेकेदाराला दिली. मुदत संपली, टोल संपला नाही. 2020 मध्ये 2030 पर्यंतची वसुली 8,262 कोटींना पुन्हा देऊन टाकली. हे बेकायदा नाही, अर्थशास्त्रात याला चांगली नावंही आहेत. पण पुढच्या दहा वर्षांचे पैसे ज्याच्या हाती आधीच पडले, त्याला बोरघाटात शनिवारी सकाळी अडकलेल्या माणसाची घाई कशी वाटणार? आणि जो वसुली करतो, त्याला गाड्या पळाल्या काय नि रांगल्या काय, पैसे तेवढेच.

यावर शहाणे लोक उपाय सांगतात: सगळ्या प्रदेशासाठी एकच प्राधिकरण करा. पुण्यासाठी 2015 साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं. हिंजवडीत अडकलेल्या मुलांना विचारा काय झालं. एमआयडीसी होतीच, पिंपरी-चिंचवड होती, ग्रामपंचायती होत्या. आता तक्रार वर्ग करायला आणखी एक पत्ता मिळाला. समृद्धी महामार्गाचं आणखी गमतीचं. 701 किलोमीटरचा तो रस्ता 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला, फ्लेक्स तर नागपूरपासून आमणेपर्यंत. आमण्याच्या पुढे वडपे ते ठाणे या रस्त्याचं रुंदीकरण तेव्हा अपुरंच होतं, आणि ते कामही समृद्धी बांधणाऱ्या रस्ते विकास महामंडळाकडेच. म्हणजे दोन्ही तुकडे एकाच घरात असले तरी चूल वेगळी मांडता येते. तेव्हा कार्यालयं किती, हा प्रश्नच नाही. एक माणूस नावानिशी उत्तर देईल का, एवढंच विचारायचं.

हे सगळं सरकारच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. पण आपणही काही साधे नाही. 2015 साली राज्यातले 12 टोलनाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर मोटारींना सूट मिळाली; ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरही हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. आमच्या सोसायटीत पेढे वाटले. पैसे भरायचे थांबले, असं सगळ्यांना वाटलं. ठेकेदाराची भरपाई तिजोरीतून होते, ट्रक टोल भरतोच, आणि ट्रकातली कोबी आपल्याच डब्यात येते. शिवाय पैसे भरणं थांबलं की उत्तर मागायचा हक्कही थोडा सैल होतो. फुकटच्या रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल बोलायचं कुठल्या तोंडाने? सरकारांना हे आपल्याआधी कळलेलं आहे. पंचेचाळीस रुपयांच्या टोलमाफीत मतदार गप्प बसत असेल, तर सौदा स्वस्तच.

माझी एक सूचना आहे, तिला निधी फारसा लागत नाही. टोलनाक्यावर एक मोठा फलक असतो, टोल कुणाला माफ आहे त्याची यादी. राष्ट्रपतींपासून सुरू होते, मंत्री, न्यायाधीश, खासदार, आमदार अशी उतरत येते आणि शेवटी रुग्णवाहिका नि शववाहिका. कोंडीत वेळ असतो, मी ती यादी नीट वाचली आहे. हा रस्ता ज्यांच्या सहीने चालतो, त्यातले बहुतेक तीत सापडतात; फुकट जायला ते आपल्याकडे येतात, उत्तर द्यायला येत नाहीत. त्या यादीशेजारी आणखी एक पत्रा ठोका: इथून पुढच्या नाक्यापर्यंतच्या रस्त्याला जबाबदार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन. बदली झाली की नाव बदला. फोटो नको.

होणार नाही, ठाऊक आहे. त्या पत्र्यासाठी समिती नेमतील, समितीत प्रत्येक खात्याचा प्रतिनिधी असेल, आणि अहवाल येईपर्यंत आणखी एखादा नाका माफ झालेला असेल. तेव्हा कुणी पेढे घेऊन दारात आलं, तर एवढंच विचारा, ‘याचे पैसे आता कोण भरणार?’ उत्तर मिळणार नाही. पेढा मात्र नाकारू नका; त्याचेही बहुधा आपणच भरलेत.