बुडाशी धरून

वैशाखातली पहाट आहे. पुसदला या दिवसांत सकाळचे दोन-तीन तासच काय ते निवांत मिळतात. दहाच्या पुढे ऊन चढतं, पारा 42-43च्या घरात जातो, गल्ली ओस पडते आणि घरोघरचे कूलर सुरू होतात. मग मांजराला अंगावर कुणाचा हातही नको असतो. म्हणून हे काम पहाटेचं.

तुमच्या घरी लांब केसांचं मांजर असेल तर त्याच्याजवळ बसा. नसेल तर माझ्या सावरीजवळ बसा. ती पर्शियन आहे, सायीच्या रंगाची. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडं उकलली की तिचा कापूस वाऱ्यावर तरंगत अंगणात उतरतो. सावरी पहिल्यांदा घरात आली तेव्हा तशीच दिसली होती, म्हणून तिचं नाव सावरी.

फरशीवर मांडी घाला. फणी जवळ असू द्या, पण अजून हातात घेऊ नका. मांजराला ओढून आणू नका. ते येईल. येईपर्यंत बसून राहणं हाही या कामाचाच भाग आहे.

ती आली. अंग टाकून पसरली. आता तिच्या बरगड्यांकडे पाहा. निवांत मांजराचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो, मिनिटाला साधारण 20 ते 30 वेळा. तोंड मिटलेलं असतं. तिचे दहा श्वास मोजा. मोजता मोजता तुमचा श्वासही हळू होईल, खांदे खाली येतील. खांदे खाली आल्याशिवाय फणी उचलायची नाही. घाईचा हात तिला तिच्या पाठीवर टेकण्याआधीच कळतो.

आता रिकामा हात तिच्या पाठीवर ठेवा. फिरवू नका, नुसता ठेवा. खाली ऊब आहे. मग बोटं केसांत हळूच शिरू द्या. वर लांब, जरा राठ केस लागतील आणि खाली दाट, मऊ लव. सगळी अडचण या लवेत आहे. तिचे केस गळतात, पण बरेचसे खाली पडत नाहीत. वरच्या लांब केसांत ते अडकून राहतात आणि जिथे अंगाला अंग घासतं तिथे एकमेकांत रुततात. काखेत, कानांमागे, पोटाखाली, मांड्यांच्या आत, गळपट्ट्याखाली. लोकर ओली करून चोळली की तिचा नमदा होतो, तसंच हे. म्हणून गुंता असताना तिला कधीही न्हाऊ घालू नका. आधी विंचरायचं, मग पाणी. पाणी आधी पडलं तर सैल गाठ घट्ट होऊन बसते.

क्षणभर तिच्या जिभेचा विचार करा.

मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते. त्या खरखरीतपणात सुमारे 300 बारीक काटे आहेत, आपल्या नखाच्याच द्रव्याचे, घशाच्या दिशेने वळलेले. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी हे काटे बारकाईने तपासले. घरच्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत मार्जारकुळातल्या सहा जातींच्या जिभा त्यांनी पाहिल्या. प्रत्येक काट्याच्या टोकाला पन्हळीसारखी पोकळी निघाली. त्या पोकळीत लाळ भरते आणि केसांच्या बुडाशी जाऊन उतरते. कातडी त्यानेच स्वच्छ होते, आणि लाळ वाळताना अंगही निवतं. आपल्याच जिल्ह्यात टिपेश्वरच्या जंगलात वाघ आहेत. दुपारी सावलीत पडून स्वतःला चाटणाऱ्या वाघाची जीभ त्याच्या कातडीपर्यंत पोचते. गल्लीतल्या साध्या मनीची पोचते. याच अभ्यासात असं दिसलं की पर्शियन मांजराची पोचत नाही. तिचे केस दाबून बसवले तरी त्यांचा थर काट्यांपेक्षा जाड राहतो.

हे जरा मनात राहू द्या. ती दिवसभर चाटते. तिच्या चाटण्यात काही कमी नाही. तरीही ती स्वतःच्या कातडीपर्यंत पोचत नाही.

हे केस तिच्या अंगावर कुठून आले? केस किती वाढावेत आणि कधी थांबावेत याचा एक लगाम प्राण्यांच्या शरीरात असतो. 2007 साली संशोधकांनी तो मांजरात शोधला. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला लगाम आला की केस जास्त काळ वाढत राहतात. असा बिघाड निसर्गात आपोआप होतो, पण तो जपला, वाढवला आणि मिरवला माणसाने. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने 1620 साली इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांचं मोठं कौतुक केलं आहे. पुढे 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात अशी मांजरं होती. तिथून आजपर्यंत माणसं जोड्या लावत गेली आणि केस लांब, दाट होत गेले. सावरीने हे मागितलं नव्हतं. आपल्या हौसेने तिच्या अंगावर जे चढवलं, ते वागवायला तिची जीभ अपुरी पडते. ती उणीव भरून काढणं हे आपलं देणं आहे. फणी उचलताना एवढं आठवा. आपण उपकार करत नाही.

आता फणी घ्या. धातूची, गोल टोकांच्या दातांची, एका बाजूने विरळ आणि दुसऱ्या बाजूने दाट. विरळ बाजूने सुरू करा. आधी गाल, मग मान, मग पाठ, जिथे तिला आवडतं तिथे. केस ज्या दिशेला लवले आहेत त्याच दिशेने. एक ओढ, एक श्वास.

फणी अडली. थांबा.

इथे आपला हात चुकतो. अडलं की आपण जोर लावतो. माझी आजी दुपारी ओसरीवर माझे केस विंचरायची. फणी अडली की मी कळवळायची आणि मान पुढे नेऊन गाठ आणखी ओढून घ्यायची. आजी तेव्हा गाठीच्या वर, डोक्यालगत, केस मुठीत धरायची. माझ्या मोठ्या बहिणीला ती सांगायची, "बुडाशी धरून ठेव वं, मंग दुखत नाही." ओढ मुठीवर यायची, डोक्याला पोचायची नाही. मग ती टोकाकडून सुरुवात करायची, थोडं सोडवायचं, वर सरकायचं.

तसंच करा. गाठीच्या खाली, कातडीलगत, केस चिमटीत धरा. तुमची चिमूट आणि तिची कातडी यांच्यात ताण येता कामा नये. आता दुसऱ्या हाताच्या बोटांनी गाठ बाहेरच्या टोकाकडून उकला. पऱ्हाटीतून कापूस वेचणाऱ्या बायांची बोटं या तालुक्यात प्रत्येकाने पाहिली आहेत. बोंड चुरगळत नाही, पत्ती अडकत नाही, पाकळी-पाकळीतून कापूस अलगद निघतो. ती बोटं डोळ्यांपुढे आणा. गाठ फारच चिकट असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, ते तेलकटपणा शोषून घेतं. मग दोन-चार केस मोकळे करा. पुन्हा दोन-चार. एका बैठकीत सगळी गाठ सुटलीच पाहिजे असं नाही. तिने शेपूट आपटली, कान मागे वळवले, की आजच्यापुरतं पुरे. उद्याची पहाट आहेच.

या गाठी बरेच दिवस राहिल्या तर त्यांची जट होते. हा शब्द मराठी माणसाला वेगळ्याच ठिकाणाहून ठाऊक आहे. बाईच्या केसांत जट झाली की ती देवीची खूण मानायची, आणि त्या बाईने ते ओझं मानेवर वर्षानुवर्षं वागवायचं. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी बायांची समजूत घालून त्यांच्या जटा कापल्या, त्यांच्या माना मोकळ्या केल्या. जटेत देवी नसते. केस असतात, मळ असतो आणि ओढ असते. मांजराच्या जटेतही तेच. ते पाऊल टाकतं तेव्हा काखेतली जट कातडी ओढते, ते वळतं तेव्हा पोटाची जट ओढते. आपल्याला वाटतं मांजर आळशी झालं, चिडकं झालं. त्याला दुखत असतं.

पहिल्या वर्षी मी सावरीच्या काखेतली जट कात्रीने कापायला गेले. जट वर उचलली आणि खालून कात्री चालवली. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर तीही वर उचलली जाते, हे मला माहीत नव्हतं. नखाएवढी जखम झाली, दोन टाके पडले. ती ओरडली नाही. कपाटाखाली जाऊन बसली आणि दोन दिवस माझ्या हाताजवळ आली नाही. तेव्हापासून कात्री मी या कामाला घेत नाही. बोटांनी सुटत नाही अशी जट पशुवैद्याकडे मशीनने काढून घ्यायची. पण उन्हाळा आहे म्हणून सगळं अंग भादरून टाकू नका. उघड्या कातडीला ऊन भाजतं.

श्वास घ्या. आता तिच्या चेहऱ्याकडे या.

पर्शियन मांजराचं नाक चपटं असतं. त्यामुळे डोळ्यांतलं पाणी नाकात नीट उतरत नाही, गालावर वाहतं आणि तपकिरी ओघळ पडतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवा, पिळा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर एकदाच फिरवा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. नाकालगतची घडी कोरडी करा. मग शेपटीखाली पाहा. तिथल्या लांब केसांना विष्ठा चिकटून राहिली असेल तर कोमट पाण्याने धुवा आणि टॉवेलने टिपा. किळस आली तर येऊ द्या. बाळाचं करताना ती येते आणि जाते, तशी इथेही जाईल.

फणीला लागलेले केस पाहा. काळे कण दिसतात? ते ओल्या पांढऱ्या कापसावर टेका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण आहे, तिच्यात मांजराचंच रक्त आहे. कुठे केस जाऊन गोल चट्टा पडला असेल तर तो नायटा असू शकतो, आणि तो माणसालाही लागतो. कुठे गाठ, कुठे खपली, कुठे पूर्वीपेक्षा टोचणारी बरगडी. रोज फिरणाऱ्या हाताला हे सगळ्यांत आधी कळतं.

आणि हे मनात पक्कं ठेवा. तिच्या अंगाला जे लागतं ते तिच्या पोटात जातं. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून ती चालते आणि मग पंजे चाटते. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांसाठीच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही, त्याला झटके येतात, जीवही जातो. नीलगिरीचं तेल, कापूर, आपला शाम्पू यांतलं काहीही प्रेमापोटी तिला चोळू नका. फरशी साध्या पाण्याने पुसा. औषध पशुवैद्याने मांजरासाठी म्हणून दिलेलंच वापरा.

दुपारी ती तोंड उघडून धापा टाकताना दिसली तर समजा, ऊन तिला सोसत नाही. पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या नाही. पंख्याखाली घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. विंचरलेल्या केसांतून वारा कातडीपर्यंत जातो, जटेतून जात नाही. पहाटेच्या या पंधरा मिनिटांचा उपयोग तिला दुपारी होतो.

आता फणी खाली ठेवा. फणीच्या दातांत अडकलेली लव बोटांनी काढा आणि तळहातावर घ्या. वजन जाणवतं का पाहा. जाणवणार नाही. हे केस आज तिच्या अंगावर राहिले असते तर जिभेवरून पोटात गेले असते, किंवा काखेत उद्याची गाठ झाले असते.

हात पुन्हा तिच्या पाठीवर ठेवा, सुरुवातीला ठेवला होता तसाच. बोटं आत जाऊ द्या. आता ती अडकत नाहीत. बोटांच्या टोकांना थेट तिची कातडी लागते, उबदार, आणि तिच्या घुरघुरीने किंचित थरथरणारी.

उन्हाची पहिली तिरीप उंबऱ्यावर आली आहे. सावरी उठते, अंग ताणते, दोन पावलं जाऊन बसते. आपण जिथे जिथे फणी फिरवली तिथेच ती चाटू लागते. उठू नका. तिचं होईपर्यंत बसून पाहा. मानेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून काखेपर्यंत जीभ जाते, आणि कुठेही अडत नाही.