आधी ७२ तास बसा

लॅपटॉप मिटा आणि इकडे बघा. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. आई-मुलाच्या नात्यावरचे तुमचे प्रबंध मी वाचले, आणि तुमच्यातल्या एकानेही एक मूल डोळ्यांनी पाहिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म फिरवला, ओळखीच्या वहिन्या-मावश्यांनी तो घाईघाईत भरून दिला, आणि तुम्ही लिहून मोकळे झालात की इतक्या टक्के मुलांचं आईशी नातं ‘असुरक्षित’ आहे. कुणाच्या लेकराबद्दल काय लिहितोय, याची जरा तरी जाणीव होती का?

प्रत्येकाच्या पहिल्या पानावर मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थचं नाव आहे. तिनं काम कसं केलं, ते कुणी वाचलं? १९५४ साली ती युगांडाला गेली. कंपालाच्या आसपासच्या खेड्यांत, गांडा लोकांच्या घरी, दुभाषी सोबत घेऊन दर पंधरवड्याला दोन-दोन तास बसायची. २६ कुटुंबं, २८ बाळं, काही महिने हेच चाललं. तिथं तिला दिसलं की ज्या आया बाळाविषयी आपणहून बारीकसारीक सांगत राहतात, त्यांची बाळं जास्त निर्धास्त असतात. पाच पर्यायांतल्या एकावर खूण करायला सांगितली असती, तर त्या आया हे कधी बोलल्या असत्या?

मग अमेरिकेतलं बाल्टिमोर. पुन्हा २६ कुटुंबं. ती आणि तिचे सहकारी बाळाच्या पहिल्या महिन्यापासून ५४व्या आठवड्यापर्यंत, दर तीन आठवड्यांनी, चार-चार तास घरात बसले. एका घरामागे सुमारे ७२ तास! त्यानंतर तो प्रयोग: अनोळखी खोली, आई बाहेर जाते, परत येते, सगळं मिळून वीसेक मिनिटं. मूल किती रडलं, यावर निकाल नव्हता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तसं लिहिलंय, ते चूक आहे. आई परतल्यावर मूल तिच्याशी कसं वागतं, हे तिथं महत्त्वाचं. त्या वर्तनाचा अर्थ लागला, कारण वर्षभर घरात काय घडलं ते वह्यांत उतरलेलं होतं. तुम्ही तिची ‘सुरक्षित-असुरक्षित’ ही वर्गवारी तेवढी उचललीत आणि पाहण्याचे कष्ट सोडून दिलेत.

शिवाय परक्या मापानं मोजताना थांबावंसंही वाटलं नाही. सप्पोरोत हाच प्रयोग झाला तेव्हा आईपासून क्वचितच दूर राहिलेली जपानी बाळं फार घाबरली, आणि पुष्कळांची नोंद असुरक्षित गटात झाली. दोष बाळांच्या नात्यात की प्रयोगाच्या रीतीत, हा प्रश्न संशोधकांनी उघडपणे विचारला. १९८८ साली आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांमधला फरक मोठा निघाला. आणि तुम्ही एका ग्रुपवरच्या उत्तरांवरून ‘भारतीय माता’ असा मथळा देता! तुमच्या फॉर्ममध्ये आजीबद्दल एकही प्रश्न नाही. आई कामावर जाते आणि मूल दिवसभर आजीजवळ असतं, अशी घरं तुमच्याच गल्लीत नाहीत का?

हुशारीत तुम्ही कमी नाही, म्हणूनच मला राग येतोय. उद्या समुपदेशनाला बसाल, तेव्हा समोरची आई तुमचा शब्द खरा मानून घरी जाईल.

हे प्रबंध परत घ्या. रीतसर परवानगी काढून दोन-तीन घरी जाऊन बसा, दिसेल ते लिहा, निष्कर्षाची घाई करू नका. मुदत वाढवून हवी असेल तर मी विभागप्रमुखांशी बोलेन. पण न पाहिलेल्या मुलांवरच्या निष्कर्षाखाली माझी सही मिळणार नाही.